कोयनेच्या पाण्यामागून दाभोळला

आपल्या खटाव-माणकडचा शेतकरी घराबाहेर पडतो तो बहुधा देवासाठी. शिखर शिंगणापूरची चैत्रातली यात्रा, पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ, आषाढीला पंढरपूर, आणि जमलंच तर जेजुरी किंवा तुळजापूर. घरच्या बायांचं तर माहेर आणि यात्रा एवढ्यावरच भागतं. समुद्र बघायला जाऊ या असं कोणी म्हटलं, तर घरातलं वडीलधारं माणूस पहिला प्रश्न विचारतं, "तिथं कोणता देव हाय?"

वाचकहो, वडूजपासून समुद्र काही परदेशी नाही. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असं गेलं की दोनशे किलोमीटरच्या आसपास गुहागरचा किनारा लागतो. यंदा वैशाखात ज्वारी घरात आली, कडब्याची गंज रचून झाली, पोरांच्या परीक्षा संपल्या, तेव्हा आम्ही घरची नऊ माणसं भाड्याच्या गाडीने निघालो. आई, आम्ही दोघं, शेती बघणारा धाकटा भाऊ, त्याची कारभारीण आणि दोन्ही घरची चार मुलं. दोन म्हशी आणि एका गाईची धार चुलतभावाने तीन दिवस सांभाळली. पुढच्या महिन्यात तो पंढरपूरला जाईल तेव्हा त्याची जनावरं आम्ही सांभाळायची, असा सौदा ठरला. शेतकऱ्याच्या प्रवासाला खरा अडसर पैशांपेक्षा जनावरांचा असतो. तो असा भाऊबंदांत मिटवावा.

या सहलीत मी एक गोष्ट ठरवली होती. नुसता समुद्र दाखवायचा नाही. आपल्या जिल्ह्याचं पाणी कुठून निघून कुठे जातं तेही घरच्यांना दाखवायचं. शेतीखात्यात नोकरी करताना पाण्यावर पुष्कळ बोललो. पण घरच्या माणसांना ते पाणी वाटेवर भेटलं, तर भाषणाची गरज उरत नाही.

प्रीतिसंगमापासून पोफळीपर्यंत

पहाटे चारला निघालो. पुसेसावळी, शामगाव घाट करत उजाडता कराडला पोचलो. प्रीतिसंगमावर गाडी थांबवली. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. आईने वाकून नमस्कार केला, नदीत एक नाणं टाकलं आणि म्हणाली, "हितं वैशाखातबी पानी हाय."

आपली येरळा खटाव तालुक्यातच उगम पावते, वडूजवरून दक्षिणेला जाते आणि सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. म्हणजे आपल्या रानात पडलेला थेंब शेवटी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जातो. कोयनेचंही तसंच व्हायचं. पण कोयनेचं बरंचसं पाणी माणसाने मध्येच अडवून उलट्या दिशेला, पश्चिमेला वळवलं आहे. ते कसं, हे पाहायला आम्ही पाटणवरून कोयनानगरला गेलो.

कोयना धरण १९६४ साली पुरं झालं. उंची १०३ मीटर, साठवण सुमारे १०५ टीएमसी. धरणाच्या मागे साठलेला शिवसागर जलाशय जावळी आणि पाटणच्या डोंगरांत लांबवर पसरला आहे. त्या पाण्याखाली कित्येक गावं गेली आणि तिथली माणसं मूळ जागा सोडून दूरदूर वसली, हेही मुलांना सांगितलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आईला अजून आठवतो. उतरंडीची भांडी खाली आली होती, असं ती सांगते. कोयनानगरात त्या पहाटे काय झालं असेल, याची कल्पनाच करावी.

टीएमसी हा शब्द आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, पण त्याचा हिशोब शेतकऱ्याच्या भाषेत करून बघा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. रानाला पाण्याची एक पाळी साधारण दहा सेंटिमीटर खोलीची धरली, तर एक टीएमसीत सुमारे २८ हजार हेक्टर रानाची एक पाळी होते. आता पुढचा आकडा ऐका. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, कोयनेतून दरवर्षी ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला मान्यता दिली.

हे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून जातं आणि घाटाखाली पोफळीच्या भूमिगत वीजघरात कोसळतं. तिथून कोळकेवाडीच्या धरणात येतं आणि तिथे पुन्हा एकदा वीज देतं. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भरल्या जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा जोडला गेला. सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. काम झालेलं पाणी, ज्याला अवजल म्हणतात, ते वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. वाशिष्ठी चिपळूणवरून खाडीला मिळते आणि ती खाडी दाभोळपाशी समुद्राला.

कुंभार्ली घाट उतरताना ही सगळी रचना मुलांना हाताने दाखवता आली. कोयनानगरला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. तिथून सरळ रेषेत जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर असलेल्या आपल्या वडूजला पाचशेच्या आसपास. सह्याद्रीच्या धारेवर ढग रिते होतात आणि आपल्यापर्यंत येतो तो वारा. पुतण्याने हे वहीत लिहून घेतलं.

चिपळूणला वैशाखातही वाशिष्ठी वाहती होती. आई पुलावर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. हे पाणी घाटावरचं, आपल्या कोयनेचं, असं सांगितल्यावर तिचा विश्वासच बसेना. याच नदीने २२ जुलै २०२१ ला शहरात महापूर आणला होता. दुकानदार आजही भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवतात.

फेरीबोटीतून खाडीपार

रात्री गुहागरला मुक्काम केला आणि सकाळी धोपाव्याच्या धक्क्यावर गेलो. धोपावे खाडीच्या दक्षिणेला, दाभोळ उत्तरेला. मधे वाशिष्ठीची रुंद खाडी. रस्त्याने जायचं तर चिपळूण, खेड, दापोली असा शंभरावर किलोमीटरचा वळसा पडतो. २००३ सालापासून इथे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट चालते. ती दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे सोडते.

ज्यांनी ही बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोट सपाट बुडाची असते. धक्क्याला लागली की पुढचा लोखंडी दरवाजा खाली पडतो आणि त्याचाच उतार होतो. त्यावरून मोटारसायकली, जीपा, आंब्याचे टेम्पो, एवढंच काय, मोठी वाहनंही आत जातात. खलाशी हाताच्या खुणेने एकेक गाडी अशी लावतात की दोन्ही बाजूंचं वजन सारखं राहावं. बैलगाडीत पोती भरताना आपण जू उलाळ आहे की जड आहे ते बघतो, तसाच हा प्रकार. माणसं लोखंडी जिन्याने वरच्या मजल्यावर जाऊन बसतात.

आई आधी गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. "माझं हितंच बरं हाय," म्हणून तिने दांडी घट्ट धरली. शेवटी दोन्ही नातींनी तिला वर नेलं. भोंगा झाला, दरवाजा उचलला गेला आणि धक्का मागे सरकू लागला. आपण जागच्या जागी आहोत आणि जमीनच चालली आहे, असं पहिल्यांदा वाटतं. मधोमध गेल्यावर वारा लागला. डाव्या हाताला खाडीचं तोंड उघडलं आणि त्यापलीकडे समुद्र दिसला. काठ नसलेलं पाणी. मुलं ओरडायची थांबली.

अंजनवेलच्या टेकडीवर गोपाळगड आहे, तोही याच खाडीच्या राखणीला. त्याच अंगाला मोठं वीजकेंद्र आहे. एन्रॉनच्या काळात ज्याचं नाव देशभर गाजलं ते हेच. नाव दाभोळचं, पण जागा गुहागर तालुक्यातली. ते १९९९ मध्ये सुरू झालं, २००१ मध्ये बंद पडलं आणि पुढे रत्नागिरी गॅस कंपनीकडे गेलं. भावाला गंमत वाटली. तो म्हणाला, "म्हंजे या नदीच्या उगमाकडंबी वीज आन् तोंडाशीबी वीज!"

दाभोळच्या धक्क्याला उतरल्यावर आई पाण्याच्या काठाशी गेली. तिने ओंजळ भरून पाणी तोंडाला लावलं आणि लगेच थुंकलं. खारट! मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आरं बाबा, त्ये कोयनंचं पानी ह्येच का? वरनं गोडं आलेलं पानी हितं येऊन खारं झालं. मग आपल्या येरळंला त्यातलं टिपूसभर का न्हाय?"

तिला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे. १९७२ च्या दुष्काळात तिने मला झोळीत टाकून खडी फोडली आहे. मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन ते वर्ष काढलं आहे. येरळेच्या वाळूत हातभर खोल झिरा उकरून वाटी वाटी पाणी घागरीत भरलं आहे. धक्क्यावर उभं राहून तिला एका वाक्यात उत्तर देणं मला जमलं नाही. "दिवसभरात सांगतो," एवढंच म्हणालो.

किनाऱ्यावरचा दिवस

दाभोळ आज मच्छीमारीचं शांत गाव आहे. धक्क्याला नांगरलेल्या बोटी, वाळत घातलेली जाळी, सुकटीचा वास, जांभ्या दगडाची आणि कौलांची घरं. पण चार-पाचशे वर्षांपूर्वी हे पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर होतं. बहामनी आणि आदिलशाही राज्यांसाठी अरबी घोडे इथे उतरत, देशावरचा माल इथून बाहेर जाई. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आला होता. परतीला तो याच बंदरातून जहाजात बसला. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांच्या अल्मेडाने हे शहर जाळलं. पुढे शिवाजी महाराजांनी ते स्वराज्यात घेतलं. मग मुंबई वाढली, मोठी जहाजं तिकडे गेली. मुंबईहून येणारी आगबोट दाभोळला थांबायची, तीही पुढे बंद झाली.

त्या वैभवाची साक्ष म्हणजे धक्क्याजवळची शाही मशीद. १६५९-६० च्या सुमाराची, विजापुरी घडणीची, काळ्या दगडाची. मोठा घुमट, चार मिनार, पुढे पायऱ्या आणि हौद. विजापूरच्या शाही घराण्यातली एक स्त्री मक्केला निघाली होती, तिचा प्रवास इथे थांबला आणि बरोबरच्या द्रव्यातून तिने ही मशीद बांधली, अशी कथा सांगतात. नारळीच्या सावलीत तिच्या पायऱ्यांवर बसलं की ऊन विसरायला होतं.

तिथून चंडिकादेवीच्या दर्शनाला गेलो. हे देऊळ खडकातल्या गुहेत आहे. आत विजेचा दिवा नाही. तेलाच्या समया तेवत असतात, त्यांच्या उजेडात वाकून जायचं. आईला इथे आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. तिने ओटी भरली. "कोणता देव हाय?" या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

दुपारी वरच्या वाडीत एका बागायतदाराच्या घरी गेलो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या ओळखीने हा परिचय झाला होता. अंगणात आंब्याच्या पेट्या भरणं चाललं होतं. हे झाड जिथे उभं आहे ती जागा आपल्या शेतकऱ्याने जरूर पाहावी. खाली कातळ, वर वीतभर लाल माती. सुरुंगाने किंवा पहारीने खड्डा घ्यायचा, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचं. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हापासून अशा कातळांवर आंबा-काजू फार वाढला. बांधाला काजू आणि परसात कोकमाचं झाड. सौ.ने आणि वहिनींनी आगळ व आमसुलं करायची रीत बारकाईने विचारून घेतली.

जेवणं झाल्यावर आईने घरच्या आजींना विचारलं, "तुमचं बरं हाय बाई, पान्याची ददात न्हाई." आजी हसल्या. म्हणाल्या, "कुठलं हो! आषाढात दाराबाहेर पाय ठेववत नाही इतकं पाणी, आणि वैशाखात हंडा घेऊन रांगेत उभं राहायचं. वरच्या वाड्यांना टँकर येतो."

आई बघतच राहिली. खरी गोष्ट आहे. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या सातपट. पण उतार तीव्र आणि जांभा दगड सच्छिद्र. पाणी मुरतं तसंच झऱ्यांवाटे निघून जातं आणि काही तासांत खाडीला मिळतं. म्हणून तिथे पावसाळा सरताच ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घालतात. कलमांसाठी बागेतच प्लॅस्टिकचा कागद अंथरून जलकुंड करतात, पावसाचं पाणी साठवतात आणि उन्हाळ्यात झाडाला घागरीने घालतात. या बागायतदाराने तसं जलकुंड केलं होतं. माझा भाऊ त्याच्या काठावर बसून कागद, खोली, खर्च सगळं विचारत होता. समुद्रापेक्षा त्याला तेच अधिक आवडलं असावं.

आईच्या प्रश्नाचं उत्तर

संध्याकाळच्या बोटीने परत निघालो. वरच्या मजल्यावर आईशेजारी बसून मी तिला सकाळचं उत्तर दिलं. तुम्हालाही तेच सांगतो.

कोयनेचं पाणी पश्चिमेला गेलं म्हणून ते फुकट गेलं असं नाही. डोंगरावरून पडताना त्याने महाराष्ट्राला वीज दिली. खटाव-माणकडे आज जे कालव्याचं पाणी येतं, ते उरमोडीचं असो वा कृष्णेवरच्या जिहे-कठापूर योजनेचं, ते पंपांनी उचलावं लागतं. पंपाला वीज लागते. पाणी खाली पाडून मिळालेल्या विजेवर दुसरीकडचं पाणी वर चढतं, असा हा फेरा आहे. तुमच्या विहिरीवरची मोटरही त्याच जाळ्यातली वीज घेते.

पण म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही. वीज दिल्यानंतर ते गोडं पाणी खाडीत जातं. या अवजलाचा शेतीला आणि पिण्याला उपयोग करण्याच्या योजनांची चर्चा पुष्कळ वर्षं चालू आहे. ज्या दाभोळवरून ते समुद्रात जातं, तिथल्याच वरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. हा प्रश्न विचारत राहिलं पाहिजे, घाटावरच्यांनीही आणि कोकणातल्यांनीही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या हातातली. पाऊस पाचशे असो की साडेतीन हजार, जो अडवील त्याच्या घरी पाणी. आपल्या जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं, आणि २०१८ साली माणमधलं टाकेवाडी. त्यांच्या शिवारातला पाऊस काही वाढला नव्हता. गावाने श्रमदान केलं, सलग समतल चर काढले, बांध घातले. आपल्याकडची काळी-मुरमाड जमीन कोकणच्या कातळापेक्षा पाणी धरायला कितीतरी चांगली आहे. तिथला माणूस कातळात खड्डा घेऊन आंबा पिकवतो. मग आपण मुरमात शेततळं का घेऊ नये?

आईने सगळं ऐकून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हंजी पाऊस कमी म्हून रडायचं न्हाय, आन् न्हेलं त्येचा हिशोब मागायचा." मला जे सांगायला इतका वेळ लागला ते तिने दोन वाक्यांत सांगितलं.

जाणार असाल तर

दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. आंबा खायचा असेल तर वैशाखात जा, पण ऊन आणि घाम सोसायची तयारी ठेवा. घाटात लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना मळमळतं, म्हणून सकाळी पोट हलकं ठेवावं; आल्याचा तुकडा किंवा लिंबू जवळ असावं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडा झुणका दोन दिवस टिकतो. धक्क्यावर फेरीच्या वेळा आधी विचारून घ्या आणि परतीची शेवटची बोट कितीला आहे ते उतरतानाच बघून ठेवा. खाडीच्या पाण्यात पोहायला उतरू नका. भरती-ओहोटीची ओढ आपल्या विहिरीत पोहणाऱ्याला कळत नाही. मच्छीमारांच्या जाळ्यांवरून चालू नका. आपल्या पिकातून कोणी गेलं तर आपल्याला जसं वाटतं, तसंच त्यांना वाटतं.

येताना आमच्या गाडीत आंब्याच्या दोन पेट्या, आमसुलं आणि काजूची चार कलमं होती. कलमं वडूजच्या हवेत कितपत साथ देतील याची मला शंका आहे, तसं मी भावाला सांगितलंही. पण जलकुंड मात्र तो करणार आहे. घराच्या मागच्या अंगाला, डाळिंबाच्या चार ओळींसाठी. जागा आखून झाली आहे, आणि पाऊस लागायच्या आत खड्डा पुरा करायचा आहे.